चौथी अट

चाळीसगाव
सोमवार, १० मार्च २०२५

चि. सौ. समीक्षास,

आशीर्वाद द्यायचा रिवाज आहे म्हणून दिला. वि. वि.

तू हसलीस. बाकीचे हसले ते मी एक वेळ गिळलं असतं. मंडपवाला हसला, तो परका. बँडवाला हसला, त्याला तेवढंच येतं. पण तू माझ्या सख्ख्या भावाची पोर, मी तुझी सख्खी फुई, बापाची बहीण. तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस आणि ओढणी तोंडाला लावली होतीस. मला वाटलं खोकते आहे. मग तुझे खांदे हलताना दिसले.

वर्षभर तुमच्या मंगल कार्यालयात खापरावरच्या पोळ्या कोणी करायच्या, त्यासाठी तुझ्या सासऱ्यांनीच भावाचे कागद मागवले होते. मी काही न बोलावता आले नव्हते. भाईदासभाऊंनी कागद वाचावा, हो नाहीतर नाही सांगावं, विषय संपला. पण ते ओसरीवर सगळ्यांसमोर उभे राहिले, चष्मा लावला आणि मंगलाष्टकं म्हणतात तसा सूर काढून माझा कागद मोठ्याने वाचायला लागले. वरचा गणपती, बाजूचे केळीचे खांब, कुलदेवता, तुझ्या फुवांचे, म्हणजे माझ्या यजमानांचे, स्वर्गवासी आजोबा-आजी, मग बठ्ठे भाऊबंद. एकेका नावाला थांबत होते. शेवटी ती किलबिल, आमच्या काकूच्या पोळीला नक्की यायचं हं. तिथे तर त्यांनी लहान पोराचा आवाज काढला. मग विचारतात, मुहूर्त कधीचा, नवरी कोण, पोळी का, आणि नवरदेव आमरस का? भाव कुठे आहे म्हणाले. भाव मागच्या बाजूला होता, स्थळाच्या खाली.

आता माझं ऐक. आमच्याकडचा योगराज लग्नपत्रिका छापतो. चाळीसगावात माझ्या ओळखीचा छापणारा तोच. मी त्याला सांगितलं की मोठ्या माणसाला द्यायचा कागद आहे, चांगला कर. त्याने त्याच्याकडे होता तेवढा चांगला केला. आणि नावांचं म्हणशील, तर आपल्याकडे पत्रिकेत एक नाव राहिलं की तो माणूस दहा वर्षं दारात येत नाही. मी एकही राहू दिलं नाही. यात हसण्यासारखं काय होतं?

त्याच दिवशी लताबाईचा कागद पास झाला. माझी चुलत जाऊ, कालपर्यंत माझ्या शेजारी बसून पुरण वाटायची, आता तिने वेगळी चूल मांडली. तिला सही करायला जड जातं आणि कागद मात्र सुबक. कोणी केला? तू केलास. ती स्वतः गल्लीत सांगत फिरते. त्याबरोबर हेही सांगते की द्रौपदाबाईचा कागद वाचला आणि बठ्ठा हसनात, सगळेच्या सगळे हसले. नळावर बाया मला विचारतात, काय शे ते पोळीचं लग्न?

तेव्हा दोन कामं कर. लताबाई पुढच्या वेळी येईल तेव्हा तिच्या कागदात काहीतरी चुकवून ठेव, मोठं. आणि मला सांग की भाईदासभाऊंचं तोंड बंद होईल असा कागद कसा करतात. फोन करू नकोस. तुझा फोन कार्यालयाच्या टेबलावर पडलेला असतो, कोणीही उचलतो. शिवाय फोनवर तू गोड बोलून विषय मोडतेस. कागदावर मोडून दाखव.

लोभ ठेवायचा का ते तुझं पत्र वाचून ठरवीन.

तुझी,
द्रौपदाबाई (यापुढे फुई म्हणायचं का ते तुझं तू बघ)


देवपूर, धुळे
रविवार, १६ मार्च २०२५

ती. सौ. फुईस,

समीक्षाचा नमस्कार, रिवाजाचा नाही, पाया पडून केलेला. वि. वि.

फुईच म्हणणार. हसले, हे खरं. आबांच्या सुराला हसले. माझे सासरे असले तरी त्यांनी ते करायला नको होतं, आणि मी समाधानला तसं त्याच रात्री बोलले. नवरा असून तोही गप्प बसला होता, म्हणून त्यालाही बोलले. खोटं कशाला सांगू, किलबिलीलाही हसले. तुझ्या घरात एक लहान मूल नाही, मग कोण किलबिललं ते तरी सांग.

लताबाईंचं पहिलं काम मी करणार नाही. कार्यालयात येणाऱ्या कोणाचाही कागद मी टाइप करून देते, ते माझं कामच आहे. त्या आल्या, त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. तू आलीच नाहीस, तू योगराजकडे गेलीस. आज मी त्यांचा बिघडवला तर उद्या माझ्या हातात कोणी कागद देणार नाही, तूसुद्धा नाही. हा विषय मोडला, कागदावर.

दुसरं काम मात्र मनापासून. आबांनी लताबाईंना सध्यापुरतं काम दिलं आहे. वर्षाचं ते अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आधी ठरवतील. तोवर वेळ आहे.

लिहायला बसण्याआधी हे ठरव की कागद वाचणार कोण. आबा कागद उभ्याने वाचतात, एका कानाला फोन असतो. पहिल्या चार ओळींत त्यांना हवं ते सापडलं नाही की कागद टेबलावर जातो आणि त्यावर चहाचा कप बसतो. त्यांना एवढंच हवं असतं की काय करून देणार, किती माणसांचं, कधी आणि काय भावाने. ते वरच लिही. भाव तर चौकटीत. तुझी ओळख खाली, दोन ओळींत. एक पान, त्याच्या मागे काही नाही. गणपती मनात म्हण. नाव फक्त तुझं.

आणि फुई, लिहिताना एकदम शोभेचं लिहायला जाऊ नकोस, त्यातच वेळ जातो. आधी मनात येईल तसं भराभर उतरव. एक रात्र ते तसंच राहू दे. सकाळी कोणालातरी मोठ्याने वाचून दाखव. ऐकणारीने मध्येच काही विचारलं, तर तिथे कागद कच्चा आहे असं समज.

माझ्यावरचा राग आमरसाबरोबर संपवशील अशी आशा ठेवते. उत्तराची वाट बघते.

तुझीच,
समीक्षा


चाळीसगाव
रविवार, २३ मार्च २०२५

चि. समीक्षास आशीर्वाद. या खेपेला निम्मे खरे आहेत. वि. वि.

तुझं पत्र ताईबाईला वाचून दाखवलं. ती माझ्याकडे पोळ्या ताणते, तोंडाने फटकळ आहे, म्हणून तिलाच ऐकणारी केली. तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की समीक्षा सासऱ्याच्या बाजूची का आपल्या बाजूची. मी म्हटलं ते अजून ठरायचं आहे.

तू सांगितलं तसं उतरवून काढलं. सोबत पाठवते. माझं एकटीचं नाव लिहिताना हात अडला. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, नुसतं द्रौपदाबाई. तुझ्या फुवांना दाखवलं तर दोन दिवस कागद उलटसुलट करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले की पोळ्या तू करतेस, मग नाव तुझंच हवं. जेवताना म्हणाले, माझ्याकडे न बघता.

ताईबाईने तीन ठिकाणी अडवलं. शंभर पोळ्या लिहिलं होतं, ती म्हणाली पोळ्या शंभर का माणसं शंभर? माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की कागदावर नाही हे मला दिसलंच नाही. एवढ्यासाठी तुला मानलं.

पण काही ओळी मी माझ्या मनाने घातल्या आहेत, त्यांना हात लावू नकोस. तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे की आमची पोळी हातावर ताणलेली असते, लताबाईसारखी पोळपाटावर लाटून खापरावर फेकलेली नसते. सातव्या ओळीत लिहिलं आहे की पूर्वी एकदा ज्यांनी हसून घेतलं त्यांनी आता दात मिटून जेवावं. आणि शेवटी लिहिलं आहे की माणसाची पारख सुरावर होत नाही. वाढवायचं तर वाढव.

आणखी एक गोष्ट. या एका पानाला मला चार दिवस लागले. दीडशे माणसांचं पुरण मी एका सकाळी उतरवते. मला असे पुष्कळ कागद हवेत. धुळ्याला, जळगावला, भुसावळला, पारोळ्याला, जिथे जिथे लग्न लागतं तिथे माझा कागद गेला पाहिजे. भाईदासभाऊ कुठेही जेवायला बसोत, पानावर पोळी माझी पडली पाहिजे आणि वाढणाऱ्याने माझं नाव घेतलं पाहिजे. घास घशात अडकला तर पाणीसुद्धा मीच देईन. पण एकेका कागदाला चार दिवस लागले तर मी हे कधी करू? लवकर कसं होतं ते सांग.

लोभ आहे, पण पातळ. घट्ट करायचा तर लवकर लिही.

तुझी फुई


देवपूर, धुळे
रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा

ती. सौ. फुईस नमस्कार, वि. वि.

पाडव्याच्या शुभेच्छा. तुझ्या कागदावर मी लाल पेन चालवलं आहे, आधी पाणी पी आणि मग बघ.

तिसरी ओळ अर्धी काढली. हातावर ताणलेली, एवढं ठेवलं. लताबाईंचं नाव तुझ्या कागदावर म्हणजे तुझ्या पदरची त्यांची जाहिरात. वाचणारा विचारेल, या कोण लताबाई, त्यांचा भाव काय? सातवी ओळ पूर्ण काढली. शेवटचीही काढली. प्रत्येक ओळीला मी एकच विचारते, बाई, तुझं इथे काम काय? काम सांगता आलं नाही की ती उठली.

आता लवकर कसं करायचं ते. समाधान गुरुवारी चाळीसगावला येतो आहे, तो तुझ्या फोनमध्ये एक मूळ कागद घालून देईल आणि पीडीएफ कशी काढायची तेही दाखवील. त्या कागदात मी चार जागा पिवळ्या केल्या आहेत: कोणाला, कोणत्या तारखेला, किती माणसं, काय भाव. बाकी सगळं पक्कं. नवा कागद लागला की मूळ कागदाची प्रत काढायची, मूळ कागदाला बोट लावायचं नाही. चार जागा बदलायच्या. बदलल्या की पिवळा रंग काढायचा, म्हणजे रंग दिसतो आहे तोवर काम राहिलं आहे हे कळतं. मग पीडीएफ, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर अक्षरं सैरावैरा पळतात. कागदाला नाव देताना त्यात गावाचं नाव घाल, सापडायला सोपं जातं. आणि पाठवण्याआधी त्या चार जागांवर बोट ठेवून मोठ्याने वाच. चूक नेहमी तिथेच होते, एकाचं नाव दुसऱ्याच्या कागदात राहून जातं.

एक गोष्ट मात्र मी स्वतः चटका बसून शिकले. लताबाईंनी गेल्या आठवड्यातल्या लग्नात चुली नेमक्या नवरीच्या खोलीखाली मांडल्या. धूर सरळ वर गेला. नवरी डोळे चोळत खाली आली, तिच्या मावशीने आबांना सगळ्यांसमोर झाडलं. आबा म्हणाले, जागा लताबाईंनी बघायला हवी होती. लताबाई म्हणाल्या, तुम्ही दाखवायला हवी होती. मग दोघांनी कागद उघडला. कागदात चुलीचा शब्द नव्हता, कारण त्यांनी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. कागद मी केलेला, म्हणून बोलणी मी खाल्ली.

तेव्हा शेवटी अटी लिही. तुला काम नीट करायला समोरच्याकडून जे लागतं ते. मी तीन लिहिल्या आहेत. चुलींना खोल्यांपासून लांब उघडं अंगण. सुकी लाकडं आणि पाणी कार्यालयाचं. माणसांचा नक्की आकडा तीन दिवस आधी. आणि खाली एक वाक्य, या अटी मान्य असल्यावरच काम घेतलं जाईल. अट म्हणजे भांडण नव्हे फुई, नंतर होणारं भांडण आधीच मिटवून टाकणं.

लोभ घट्ट झाला का ते कळव.

तुझीच,
समीक्षा


चाळीसगाव
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

चि. सौ. समीक्षास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

समाधान आला, जेवून गेला. पोरगा गरीब आहे. मी त्याला हसण्याबद्दल काही बोलले नाही, नुसत्या पोळ्या वाढत राहिले, त्यालाच घाम फुटला.

मूळ कागद चालला. शनिवारी दुपारी, ताईबाई गहू निवडेपर्यंत, पाच गावांना पाच कागद गेले. पहिल्यात तू म्हणालीस तेच झालं. पारोळ्याच्या माणसाला भुसावळच्या माणसाचं नाव जात होतं, बोट ठेवलं म्हणून वाचले. आता बोट ठेवल्याशिवाय मी कोणाला हो-सुद्धा म्हणत नाही. योगराजला कागद दाखवला तर म्हणतो, काकू, हा रिकामा दिसतो, निदान वेलबुट्टी तरी घाला. मी म्हटलं वेलबुट्टीनेच मला खाल्लं.

आता मुद्द्याचं. भुसावळचे कौतिकभाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना कागद मिळाला आणि ते रविवारी स्वतः आले. पोळी खाल्ली, कटाची रशी दोनदा मागून घेतली. त्यांच्या मेघाचं लग्न मे महिन्यात, मुलाकडचे धुळ्याचे, आणि कार्यालय कोणतं बघितलं आहे? तुमचं. विसार अजून दिलेला नाही. त्यांच्या बायकोने माझ्या चुलीपुढे बसूनच सांगितलं की पोळ्या द्रौपदाबाईंच्या असतील तर ते कार्यालय, नाहीतर देवपुरात कार्यालयं काय कमी आहेत? मी त्यांना म्हटलं, भाईदासभाऊंना हेच असंच सांगा. त्यांनी काल सांगितलं. आज सकाळी तुझ्या सासऱ्यांचा मला फोन आला. आवाज असा की पुरणात वेलची. म्हणतात, वहिनी, वर्षाचा कागद पाठवून द्या, बघून घेतो.

कागद सोबत आहे. वर्षाचा. एक पान, भाव चौकटीत, नाव माझं. तुझ्या तीन अटी जशाच्या तशा ठेवल्या. चौथी माझी. ती तुला वाचायला सोपं म्हणून इथेही लिहिते.

अट चौथी. हा कागद भाईदासभाऊंनी कार्यालयाच्या ओसरीवर, ७ मार्च रोजी सकाळी हजर असलेल्याच मंडळींसमोर, उभं राहून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने, साध्या आवाजात वाचून दाखवावा. नंतर सही करावी.

साध्या आवाजात हा शब्द ताईबाईने सुचवला. ती म्हणाली, नाहीतर पुन्हा सूर लावतील. कच्ची जागा तिने बरोबर पकडली. आणि खाली तुझंच वाक्य आहे, या अटी मान्य असल्यावरच काम घेतलं जाईल. किती सुंदर वाक्य आहे ग ते. चार वेळा वाचलं.

कागद त्यांच्या हातात तूच दे. ट्रेमध्ये ठेवून दिलास तरी चालेल.

लोभ आता घट्ट आहे, उलथनं उभं राहील.

तुझी फुई


देवपूर, धुळे
रविवार, १३ एप्रिल २०२५

ती. सौ. फुईस नमस्कार, वि. वि.

कागद दिला. काय झालं ते तू विचारशीलच, म्हणून आधी सांगते. आबांनी खुर्चीत बसून वाचला, फोन बाजूला ठेवून. असं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. अर्ध्यात मान डोलावली, असा कागद मंडपवाल्यालाही करायला सांग म्हणाले. तिन्ही अटींना हो हो म्हणत गेले, धुराच्या अटीला तर बरं झालं लिहिलं म्हणाले. मग चौथीवर आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर गेले. रात्री भाकरी अर्धी टाकून उठले.

काल समाधानजवळ बोलले की तीन अटींवर आजच सही करतो, चौथी काढायला सांग. तुला फोन करून चुकलं म्हणायलाही तयार आहेत. म्हणतात, ती नुसती मजा होती, आपली माणसं म्हणून केली. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हटलंही. पण फुई, त्यांचं वय अडुसष्ट. ती माणसं त्यांना रोज नमस्कार करतात, त्यांच्यासमोर उभं राहून वाचायचं म्हणजे त्यांना जड आहे.

आणि माझं बघ. सासूबाईंनी कालपासून मला चहा विचारलेला नाही. त्यांना वाटतं चौथी अट मी लिहून दिली, कारण बाकी सगळी भाषा माझी दिसते. तू चुलीशी बसून वार करतेस, राहायचं मला या घरात आहे. आखाजीला मला माहेरी पाठवतील का तेही आता खात्रीने सांगता येत नाही.

तू माझं ऐकून नावं काढलीस, गणपती काढला, लताबाईंना काढलं. तेव्हा मी प्रत्येक ओळीला विचारलं होतं ना, तुझं इथे काम काय? चौथ्या अटीला विचार. तिने पुरण शिजत नाही, पोळी भाजत नाही. काढून टाक. वर्षाचं काम तुझं होईल, लताबाई घरी बसतील, मेघाच्या लग्नात तुझंच नाव होईल. आणखी काय हवं?

हात जोडून लिहिते आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
समीक्षा


चाळीसगाव
गुरुवार, १७ एप्रिल २०२५

चि. सौ. समीक्षास अनेक आशीर्वाद, सगळे खरे. वि. वि.

तुझं पत्र ताईबाईला वाचून दाखवलं नाही. एकटीने वाचलं, दोनदा. अर्धी भाकरी टाकून उठले म्हणतेस. मी त्या दिवशी धुळ्याहून चाळीसगावपर्यंत गाडीत खिडकीकडे तोंड करून आले आणि चूल पेटवली नाही. फुवांनी चिवडा खाल्ला. त्या भाकरीचा हिशोब तुमच्या घरात कोणी मांडला होता का?

तू सांगितलंस म्हणून चौथ्या अटीला विचारलं, तुझं इथे काम काय? तिने उत्तर दिलं. ती म्हणाली, पहिल्या तीन अटींनी पोळी उभी राहते, माझ्याने पोळीवाली उभी राहते. मला वर्षभर त्या ओसरीवरून आत-बाहेर करायचं आहे, डोक्यावर परात घेऊन. दर वेळी मंडपवाला बघणार आणि त्याला किलबिल आठवणार. माझ्या तीन बायांच्या देखत आठवणार. ते पुसायचं तर जिथे सांडलं तिथेच पुसलं पाहिजे. फोनवर चुकलं म्हणतात. हसले काय फोनवर होते?

वय अडुसष्ट म्हणतेस. मार्चमध्ये काय अठ्ठावीस होतं? आणि मी त्यांना नाक घासायला सांगत नाही, कान धरायला सांगत नाही, गणपतीचा सूरसुद्धा लावायला सांगत नाही. स्वच्छ लिहिलेला एक कागद साध्या आवाजात वाचायचा आहे. चांगला कागद आहे, त्यांनीच मान डोलावली. माणसांनी ऐकावा असा आहे. पाच मिनिटं लागतील. माझ्या पहिल्या कागदाला त्यांनी जास्त वेळ दिला होता.

तुझं मात्र मला लागलं. सासूबाईंना हे पत्र दाखव. चौथी अट माझी आहे, माझ्या डोक्यातली, समीक्षाने ती काढा म्हणून हात जोडले आणि मी ऐकलं नाही. हे मी खाली सही करून लिहिते आहे. तरी त्यांनी चहा विचारला नाही तर मला कळव, मग सासूबाईंसाठी पाचवी लिहीन. आणि वाचन होईल तेव्हा तू दारात उभी राहा, ट्रे घेऊन, त्याच जागी. हसू आलं तर हस, ओढणी न लावता हस. पण या खेपेला पहिला कप माझा.

लताबाईचं काय करायचं ते मी ठरवलं आहे. तिला ओसरीवर बोलावीन, पुढच्या रांगेत. वर्षाचं काम माझं झाल्यावर तिच्या हातांना काम हवं असेल तर माझ्याकडे पोळ्या ताणायला येऊ दे, रोजाने. माझ्या हाताखाली. याहून वाईट मला सुचलं नाही.

आता शेवटचं. तुमच्या कार्यालयासमोर, रस्त्यापलीकडे, जे नवं कार्यालय झालं आहे, त्यांच्यासाठी मी कागद करून ठेवला आहे. कौतिकभाऊंच्या बायकोशी बोलणं झालं आहे, तिला रस्त्याची ही बाजू काय आणि ती काय, सारखंच. वेळ लागला नाही. मूळ कागदाची प्रत काढली, चार जागा बदलल्या, पिवळा रंग काढला, बोट ठेवून वाचलं. त्यांच्या कागदाला अटी तीनच आहेत, ते माझ्यावर हसलेले नाहीत. फोनमध्ये तयार आहे, नुसता दाबायचा राहिला. तूच शिकवलंस, आणि छान शिकवलंस.

आखाजीला तुझं माहेर तेच माझं माहेर. तुझ्या बापाच्या घरी आपण दोघी एका झोक्यावर बसू, नाहीतर दोघींपैकी एकीच येईल. लोभ कमी झालेला नाही हे मुद्दाम सांगते, झाला असता तर तुला विचारलंच नसतं.

शुक्रवार, २५ एप्रिल. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भाईदासभाऊंच्या अक्षरात, त्यांच्या सहीने, वाचनाचा दिवस आणि वेळ लिहून आली पाहिजे. तुझ्या अक्षरात नको, समाधानच्या तोंडी नको. शनिवारी सकाळी चहा झाला की मी बोट ठेवणार, त्यांनी लिहिलेल्या तारखेवर नाहीतर समोरच्यांच्या कागदावर. कुठे ठेवायचं ते त्यांना विचारून कळव.

तुझीच फुई,
द्रौपदाबाई